चार कप्प्यांचा खोका

संग्रहालयाच्या बाई रविवारी चहाच्या वेळेला येणार असं ठरलं आणि त्या दिवसापासून या घरात कुणी कुणाशी धड खरं बोलेना. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणाला या घरात कुणी घाबरत नाही. पण सगळे एकमेकांशी गोड बोलायला लागले, एकमेकांना आधी पाणी विचारायला लागले, आणि ते बघून वहिनी सावध झाली.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकटा दीर वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून तिची गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, मग पोस्टमनसुद्धा. या घरात मशीनला कधी हात न लावलेली ती एकटी. ती पुस्तकं बांधायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. एका टोकाला पुठ्ठे, कापड, खळीचं भांडं, आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यांचं जेवण. एकदा घाईत तिने खळीत मीठ घातलं होतं. उलटं कधी झालं का, हे घरातल्यांनी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिचं पुस्तक दाबायचं लोखंडी यंत्र बाल्कनीत प्लास्टिकखाली उभं होतं, कारण ते घरात मावत नव्हतं.

मावलं असतं ते खालच्या हॉलमध्ये. पण तिथे मशीनं होती.

तिच्या सासऱ्यांचा धंदा लोकांची आकडेमोड करून द्यायचा. कुणाचे पगार, कुणाची विजेची बिलं. नवं कॉम्प्युटर घ्यायची ऐपत त्यांना कधीच नव्हती. मोठ्या ऑफिसांनी मोडीत काढलेलं मशीन ते घरी आणायचे आणि पेढे वाटल्यासारखं घरभर सांगत फिरायचे. जगात ट्रान्झिस्टर आले तेव्हा यांच्याकडे काचेच्या व्हॉल्व्हचं मशीन आलं. जगाने ट्रान्झिस्टर टाकले तेव्हा यांनी ते उचलले. आयुष्यभर हा माणूस कॉम्प्युटरच्या एक पिढी मागे राहिला आणि त्याचा त्याला अभिमान होता. वर आणखी एक खोड अशी, की आलेलं काही टाकायचं नाही.

जाताना मात्र त्यांनी दोन्ही मुलांना जवळ बसवून सांगितलं होतं, "यांतलं एखादं तरी चार लोकांना बघायला मिळेल अशा जागी लागू दे. मग बाकीची काढा आणि हॉल सूनबाईला द्या." दोघांनीही माना डोलावल्या होत्या. माना डोलावण्यात ते दोघे पहिल्यापासून पटाईत.

आता जागा मिळत होती. संग्रहालयाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, एकच मशीन घेऊ, आणि सुरू असेल तेच घेऊ. म्हणजे एक गेलं की वहिनीचा हॉल मोकळा. आणि एकही गेलं नाही तर वहिनीचं यंत्र बाल्कनीत गंजत राहणार. तिचा हिशेब इतका सोपा होता. बाकीच्यांचा नव्हता, कारण जो तो म्हणत होता की जाईल तर माझंच.

रविवारी सकाळी ती एका चार खंडांच्या ग्रंथासाठी खोका करत बसली होती. जाड पुठ्ठा, वर गडद निळं कापड, आत चार कप्पे. कोपऱ्यावर कापड दुमडत होती तेवढ्यात धाकटा दीर आत आला. आधी मागे बघितलं, मग बाहेर बघितलं, मग दार लोटून घेतलं.

"वहिनी, दादा कुठे आहे?"

"अंघोळीला. काय झालं भाऊजी?"

"काही नाही. तुम्ही कामात आहात का?"

"मी नेहमीच कामात असते. बोला."

त्याने शर्टाच्या आतून तळहाताएवढी एक पट्टी काढली. पट्टीवर छोट्या छोट्या टोप्या घातलेले धातूचे दाणे ओळीने बसवलेले होते. वहिनीने ती ओळखली. नवऱ्याच्या मशीनमध्ये अशा पट्ट्या शेकड्यांनी होत्या आणि जेवताना कितीदा तरी तिने त्यांचं कौतुक ऐकलं होतं.

"ट्रान्झिस्टरची पट्टी," ती म्हणाली. "तुमच्या दादांच्या मशीनची."

"हळू! संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मग मी स्वतः परत लावतो, शप्पथ. दादाचं मशीन चांगलंच आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण कार्डांवर चालतं! भोकं पाडलेल्या कार्डांवर! बाईंना ते कार्डांचं भिरभिर आवडलं तर माझ्या मशीनकडे त्या ढुंकून बघणार नाहीत."

"मग माझ्याकडेच का?"

"कारण तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही."

हे तो कौतुकाने म्हणाला. नेहमीप्रमाणे याही वेळी वहिनीला ते कौतुक रुचलं नाही, पण तिने पट्टी घेतली आणि कापडाच्या तुकड्यांखाली ठेवली.

नवरा अंघोळ करून आला तो ओल्या केसांनीच. त्याने दार लोटलं, तेव्हाच ती समजली.

"अगं, एक काम होतं."

"ठेवायचं आहे ना काहीतरी? ठेवा."

तो चमकला. "तुला कसं कळलं?"

"तुमची मूठ घट्ट आहे."

मुठीत एक आयसी होती. काळी, चपटी, दोन्ही बाजूंना पाय फुटलेली, झुरळासारखी. भाऊजींच्या मशीनची. भाऊजी या चीजेवर इतकी वर्षं बोलत आले होते की ती वहिनीला तोंडपाठ होती. "वहिनी, दादाच्या त्या अख्ख्या पट्टीवर जे आहे ते सगळं या एका किड्याच्या पोटात आहे." आणि त्यावर नवऱ्याचं उत्तरही ठरलेलं, "पोटात आहे म्हणून तर बिघडलं की दिसत नाही."

"धाकट्याला दुखवायचं नाहीये गं मला," नवरा म्हणाला. "पण त्याचं मशीन फार शांत चालतं. बाईंना वाटेल, हे संग्रहालयात ठेवायला सोपं. माझं खडखड करतं. माणसांना खडखड नको असते."

"म्हणून त्याचं बंद पाडायचं."

"थोडा वेळ फक्त. तो तरी कुठे लावून बघणार आहे? करार आहे ना."

करार असा, की चारही मशीनं एकदम लावली की फ्यूज उडतो, म्हणून बाई येईपर्यंत कुणीच काही सुरू करायचं नाही. या करारावर सगळ्यांनी इतक्या पटकन हो म्हटलं होतं, तेव्हाच वहिनीला शंका यायला हवी होती.

"आणि हे बघ," दारातून वळून नवरा म्हणाला, "त्याला कळू देऊ नकोस. तो माझ्याशी कधी असं वागणार नाही."

वहिनीने खळीच्या भांड्यात तोंड खुपसल्यासारखं केलं आणि हसू दाबलं.

ती आयसी कापडाखाली पट्टीच्या शेजारी गेली. खोक्याचा दुसरा कोपरा बसतोय तोवर दार तिसऱ्यांदा उघडलं आणि या वेळी दोघे भाऊ एकत्र आत आले, खांद्याला खांदा लावून. असे ते शेवटचे कधी दिसले होते हे वहिनीला आठवेना.

"वहिनी, आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलंय," भाऊजी म्हणाले.

"दोघांनी मिळून," नवऱ्याने दुजोरा दिला. दिराने दादाच्या पाठीमागून वहिनीला डोळा मारला. दिराची नजर वळल्यावर नवऱ्यानेही मारला.

"आपल्या ठिणगीचं मशीन," भाऊजी पुढे म्हणाले, "त्याला पडदा आहे. रंग आहेत. त्यावर चेंडू उडतो. बाई आल्या की पहिलं तेच बघणार."

"आणि मग अनुभवाची काही किंमतच राहणार नाही," नवरा म्हणाला.

ठिणगी म्हणजे वहिनीची लेक. लहानपणी तारांना डाग देता देता टेबलक्लॉथ जाळला होता, तेव्हापासूनचं नाव. आता ती चांगली नोकरीला लागली होती, पण शाळेत असताना स्वतः जोडलेलं मशीन तिने हॉलच्या खिडकीपाशी ठेवलं होतं. आजोबांना मोडीत न निघालेलं असं काही घरात आल्याचं पाहून धक्काच बसला होता. बाकीची मशीनं कपाटाएवढी होती, हे डब्याएवढं. कारण आयसी एकेक काम करायची, आणि ठिणगीच्या डब्यातली एकच चिप सगळं काम करायची. मायक्रोप्रोसेसर. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा काकाने आठवडाभर तोंड फुगवलं होतं.

"लेकीचं काढलंत?" वहिनीने नवऱ्याकडे बघितलं.

"दोघांनी मिळून," नवरा पुन्हा म्हणाला, जणू त्यामुळे गुन्हा अर्धा होत होता.

चिप टेबलावर आली. दोघे भाऊ एकमेकांच्या पाठीवर थाप मारत बाहेर गेले. वहिनी मात्र हसता हसता थबकली. ट्रान्झिस्टर तिच्याकडे, आयसी तिच्याकडे, मायक्रोप्रोसेसर तिच्याकडे. बाईंना दाखवायला खाली उरलं काय? फक्त आत्याबाईंचं, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचं, व्हॉल्व्हचं मशीन. ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं, तेच जाईल. ते तर सगळ्यांत मोठं. अर्धा हॉल तेवढ्यानेच मोकळा होईल.

तिने खोक्याच्या झाकणाला कापड लावायला घेतलं आणि शीळ घालायला लागली. शीळ मध्येच थांबली, कारण ठिणगी आली.

"आई, एक गंमत सांगू? रागावणार नाहीस?"

"तूही काहीतरी काढून आणलंस?"

"नाही ना! काढायला गेले होते. आत्याआजीच्या मशीनमधला एक व्हॉल्व्ह. एकच. पण ती जागा आधीच रिकामी! कुणीतरी माझ्या आधी हात मारलाय." ती खुर्चीवर उलटी बसली. "बाबा असतील का? की काका? आई, तू अशी का बघतेस?"

"तुला लाज नाही वाटली? आत्याआजीच्या मशीनला हात लावायला गेलीस?"

"वाटली. पण त्या मशीनपुढे माझ्या डब्याकडे कोण बघेल? सगळे दिवे लागले की ते लग्नघरासारखं दिसतं. आणि आजी त्यावर रेडिओ ठेवते ना, तो आवाज!"

ते खरं होतं. आत्याबाई मशीनवर एक जुना रेडिओ ठेवत. मशीन चाललं की रेडिओत चिवचिव, गुरगुर, शिट्टी असे आवाज येत आणि त्यावरून त्यांना कळे की आत काय चाललंय. वहिनी नवी नवरी होती तेव्हा एकदा तिच्याशी बोलता बोलता आत्याबाई मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, "अडकलं. एकाच जागी घिरट्या घालतंय." खाली जाऊन बघितलं तर खरंच अडकलं होतं. व्हॉल्व्हचं मशीन तापायला वेळ घ्यायचं, हॉलची भट्टी करायचं, रोज एखादा व्हॉल्व्ह जाळायचं. त्याची सगळी कामं आत्याबाई लिहायच्या, आकडा आकडा करून, आणि त्यांच्या भावाचं नाव व्हायचं. बाकीच्या मशीनांनी धंदा केला, पण मशीनशी बोलायचं कसं हे या घरात पहिल्यांदा त्यांना कळलं होतं.

म्हणजे आता चारही बंद. वहिनीचा चेहरा उतरला. ठिणगी गेल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. हे सगळे एकमेकांवर कुरघोडी करणार, बाई चहा पिऊन निघून जाणार, आणि मशीनं पुढची कितीतरी वर्षं खालीच बसणार. उचलून एक पट्टी परत लावली तर? तिला लावता येत होतं. इतकी वर्षं दारातून बघून तिला या घरातलं काहीही लावता येत होतं. पण कुणाची लावायची? नवऱ्याची लावली तर दीर जन्मभर ऐकवील. लेकीची लावली तर नवरा. तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी बोलताय ना?" संग्रहालयाच्या बाई होत्या, आवाज अगदी पडलेला. "कसं सांगू तुम्हाला. आमच्या संचालकांनी तो कोपराच तिकीट खिडकीला देऊन टाकला. आता माझ्याकडे फक्त एक काचेचं कपाट उरलंय. मी येते, शब्द दिलाय म्हणून. पण मशीन नेता येणार नाही. घरच्यांना तुम्हीच जरा सांगाल का?"

"कपाट केवढं आहे?" वहिनीने विचारलं.

"केवढं म्हणजे... पुस्तकं लावतात ना, तेवढं. का हो?"

वहिनीने समोरच्या निळ्या खोक्याकडे बघितलं. त्याला चार कप्पे होते.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही या. सांगते मी सगळ्यांना."

आणि तिने कुणालाही काही सांगितलं नाही.

ग्रंथाच्या मालकाला दुसरा खोका करून देता येईल, असं म्हणून तिने कात्री घेतली. कप्प्यांत मऊ कापडाच्या गाद्या बसवल्या. ट्रान्झिस्टरची पट्टी दुसऱ्या कप्प्यात, आयसी तिसऱ्यात, मायक्रोप्रोसेसर चौथ्यात. जुन्याकडून नव्याकडे असा नीट क्रम लागला. पहिला कप्पा रिकामा राहिला. तिच्या ओठांवर हसू होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच ती या घरात काहीतरी लपूनछपून करत होती आणि तिला ते भलतंच आवडत होतं.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. त्यांनी दार लोटलं नाही. सरळ आल्या, बसल्या आणि हातरुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवली.

"हे ठेव. कुणालाही देऊ नकोस. मी मागितलं तरी."

वहिनीने रुमाल उघडला. काचेचा व्हॉल्व्ह होता, अंगठ्याएवढा, आत बारीक जाळी आणि टोकाला रुपेरी डाग.

"कुणाच्या मशीनचा?" तिने विचारलं, उत्तर माहीत असून.

"माझ्याच."

"तुम्ही तुमच्याच मशीनचा काढलात? आत्याबाई, इथे सगळे दुसऱ्याचं काढतायत!"

"ते मला माहीत आहे. सकाळपासून हॉलमध्ये उंदरांसारखी ये-जा चालू आहे. मी दारामागे खुर्चीवर बसले होते." त्या जराशा हसल्या, मग हसू गेलं. "माझं सुरू झालं तर बाईंना तेच आवडेल. आवडणारच. मग घेऊन जातील. मग रविवारी मी काय करू गं?"

वहिनीने व्हॉल्व्ह हळूच रुमालावर ठेवला. दर रविवारी आत्याबाई हळूहळू जिना उतरून खाली जायच्या, मशीन तापवायच्या, रेडिओ लावायच्या आणि संध्याकाळी वर यायच्या तेव्हा गालांवर लाली असायची. हे तिला दिसत होतं, पण हॉल मागताना तिने त्याचा विचार कधी केला नव्हता. तिला एकदम फार वाईट वाटलं.

"मला हॉल हवाय हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. तरी तुझ्याकडेच दिला. दुसऱ्या कुणी माझी दया येऊन परत लावला असता."

"आणि मी?"

"तुला लावता येत नाही."

"येतो," वहिनी म्हणाली.

आत्याबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. वहिनीने त्यांच्यापुढे खोका ओढला, झाकण उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. फोन, कपाट, कप्पे. मग व्हॉल्व्ह परत रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला.

"हा मी ठेवून घेत नाही. पहिला कप्पा रिकामा गेला तर रिकामा. मी म्हणेन, फुटला."

"मग माझं मशीन राहील. आणि माझं मशीन म्हणजे अर्धा हॉल."

"अर्ध्या हॉलमध्ये करीन काहीतरी," वहिनी म्हणाली. दाबायचं यंत्र, कापायचं टेबल आणि वाळवायच्या फळ्या अर्ध्या हॉलमध्ये मावत नाहीत, हे तिने कितीदा तरी मापून बघितलं होतं. आत्याबाई रुमाल घेऊन उठून गेल्या.

चहाच्या वेळेला सगळे खाली जमले. संग्रहालयाच्या बाई दारातच अवघडून उभ्या राहिल्या आणि वहिनीकडे बघू लागल्या. वहिनीने बिस्किटांची बशी त्यांच्या हातात दिली आणि डोळ्यांनीच सांगितलं, जरा थांबा.

"दादा, तुझ्यापासून," भाऊजी फार अदबीने म्हणाले.

"नको, तू आधी."

"छे छे, मान तुझा."

नवऱ्याने ऐटीत बटण दाबलं. कार्डांचा गठ्ठा लावला. पंखा घरघरला, एक दिवा लागला, लुकलुकला, विझला. कार्डं हललीच नाहीत.

"अरेरे," भाऊजी म्हणाले. "जुनं झालं रे. वाईट वाटून घेऊ नकोस."

"तुझं लाव," नवरा गोड आवाजात म्हणाला.

भाऊजींनी लावलं. टेपची चाकं अर्धी फिरली आणि थांबली. भाऊजींनी पुन्हा दाबलं. मग बाजूला एक चापट मारली. नवरा दुःखाने मान हलवत होता.

"हे कसं झालं?" भाऊजी म्हणाले. मग त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने छताकडे बघितलं. मग दादाला काहीतरी उमगलं आणि त्याने भावाकडे बघितलं. तोवर ठिणगीने आपला डबा लावला होता. पडदा काळाच. तिने झाकण काढून आत डोकावलं.

"बाबा," ती फार शांतपणे म्हणाली. "काका."

संग्रहालयाच्या बाईंचं बिस्किट चहात विरघळून गेलं. आत्याबाई आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी बटणाला हातसुद्धा लावला नाही.

मग वहिनीने खोका आणून बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण उघडलं.

"तुमच्या कपाटात हे मावेल का बघा."

बाई वाकल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अहो, हे तर... हा ट्रान्झिस्टर, दुसरी पिढी. ही आयसी, तिसरी. मायक्रोप्रोसेसर, चौथी! अख्खा इतिहास! आणि बांधणी किती सुरेख. ही कल्पना कुणाची?"

"घरातल्या सगळ्यांची," वहिनी म्हणाली. "प्रत्येकाने आपण होऊन एकेक वस्तू आणून दिली."

"पण ही आयसी माझ्या—" भाऊजी उसळले.

"तुमच्या मशीनची?" बाई कौतुकाने म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः काढून दिलीत? केवढं मोठं मन हो!"

भाऊजींनी मनातल्या मनात हिशेब केला. आयसी आपण काढली नाही म्हणावं, तर मग ट्रान्झिस्टरची पट्टी कुणी काढली ही चर्चा निघणार. त्यांनी दादाकडे बघितलं. दादाची गत तीच होती. दोघांनाही एकाच वेळी कळलं की आपण आपापली मान वहिनीच्या हातात दिलेली आहे.

"म्हणजे... हो," भाऊजी म्हणाले. "आपणच."

"मीही आपण होऊन," नवरा पुटपुटला.

"माझी चिप यांनी दोघांनी मिळून दिली," ठिणगी म्हणाली, आणि हसत सुटली. "माझी काही हरकत नाही. पण बाबा, घरी जाऊन बोलू."

"आपण घरीच आहोत," नवरा म्हणाला.

"फक्त ही पहिली जागा रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "पहिली पिढी, व्हॉल्व्ह. त्याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही."

वहिनी घाईने म्हणाली, "तो फुट—"

"फुटलेला नाही," आत्याबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. रुमाल उलगडून त्यांनी व्हॉल्व्ह उजेडात धरला, फिरवून बघितला, आणि पहिल्या कप्प्यात असा ठेवला की जाळीची बाजू समोर आली. गादी एका बाजूला किंचित वर आली होती, तीही बोटाने दाबली.

"आत्या!" नवरा म्हणाला. "तुझं मशीन मग चालणार नाही!"

"तुझं तरी कुठे चालतंय?"

"पण बाबा म्हणाले होते, एखादं मशीन लागू दे. हे काही मशीन नव्हे."

"यांच्याशिवाय खाली उरलेली ती नुसती कपाटं आहेत रे बाळा. मशीनं या खोक्यात आहेत. आणि पाटीवर," त्या बाईंकडे वळल्या, "लिहिताना पहिल्या कप्प्याखाली माझं नाव घाला. माझ्या भावाचं नको. त्याने फक्त ते गाडीवरून आणलं होतं."

बाईंनी मान हलवली. मग आत्याबाईंनी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला आणि हॉलमधले सगळे पंखे एक एक करून थांबले. वहिनीला रडू आलं. ते तिने बिस्किटांची बशी उचलून स्वयंपाकघरात नेऊन निस्तरलं.

मशीनं निघायला वेळ लागला. तंत्रशाळेने दोन नेली, मुलांना उघडून बघायला. बाल्कनीतलं दाबायचं यंत्र दोघा भावांनी खाली आणलं, वाटेत एकमेकांना दोष देत, आणि पायऱ्यांवर एकदा ते खरोखरच निसटलं. पण ते लोखंडी होतं, त्याला काही झालं नाही. भावांनाही फारसं झालं नाही.

मग रविवार आला. वहिनी हॉलमध्ये पहिल्यांदाच कापायच्या टेबलाशी उभी होती. एवढी जागा होती की हात कुठे ठेवावेत ते कळेना. जिन्यावर हळूहळू पावलं वाजली. आत्याबाई आल्या आणि दारामागची आपली खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या.

वहिनी घाबरली. "आत्याबाई, तुम्हाला वाईट वाटतंय का?"

"वाटतंय." त्यांनी रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग टेबलाकडे. "तू या घरात सगळ्यांची गुपितं सांभाळलीस. सगळे म्हणायचे, वहिनी कुणाच्या बाजूची नाही. मीही म्हणायचे. तू स्वतःच्या बाजूची झालीस ते मला आवडलं. आता बोलणं पुरे. हे काय आहे?"

"खळ."

"कशी लावतात?"

"तुम्हाला शिकायचंय?"

"नवीन काही शिकून मला फार वर्षं झाली. दाखव."

वहिनीने ब्रश त्यांच्या हातात दिला आणि पुठ्ठा पुढे सरकवला. आत्याबाईंनी बाह्या वर केल्या, जीभ दातांत धरली आणि कागद चिकटवला. मधोमध चांगली बोटभर सुरकुती पडली. त्यांनी पुठ्ठा उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"खळ खराब आहे," त्या म्हणाल्या.